वर्षअखेरच्या पत्राला कारण हवं

२०२४च्या डिसेंबरमध्ये माझ्या भाचीला तिच्या विद्यापीठाकडून एकाच आठवड्यात दोन ईमेल आले. ती अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात एमएस करते. पहिला ईमेल अध्यक्षांचा होता. वर बर्फात बुडालेल्या ग्रंथालयाचा फोटो, खाली वर्षभरातल्या यशाचे चार परिच्छेद, मग घरच्यांबरोबर विश्रांती घ्या, नव्या वर्षात ताजेतवाने होऊन भेटू, आणि सही. दुसरा ईमेल परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयातून आला होता. त्यात फोटो नव्हता. सुट्टीत मायदेशी जाणार असाल तर २० जानेवारीच्या आत परत या; आय-२० या विद्यार्थी-व्हिसाच्या कागदावरची प्रवासाची सही जुनी झाली असेल तर निघण्यापूर्वी नवी घ्या; विमानतळावर अडवलं तर या क्रमांकावर फोन करा. एवढंच. २० जानेवारीला डोनाल्ड ट्रम्प पुन्हा राष्ट्राध्यक्ष होणार होते आणि नवी प्रवेशबंदी येईल अशी भीती होती.

भाचीचं परतीचं तिकीट २६ जानेवारीचं होतं. ताईने त्याच रात्री एजंटला फोन लावला, वरचे पैसे भरले आणि ते १४ तारखेचं करून घेतलं. १४ला संक्रांत. नातीला तिळगूळ द्यायचा म्हणून माझी आई महिनाभर दिवस मोजत होती, तिने तो भोगीच्या रात्रीच तिच्या हातावर ठेवला. ‘हे पत्र त्यांच्या मोठ्या साहेबांनी लिहिलं का?’ आईने विचारलं. मी म्हटलं, नाही, मोठ्या साहेबांनी शुभेच्छा पाठवल्यात. ‘मग हे कोणी लिहिलं?’ त्या ईमेलखाली कुणा माणसाचं नावच नव्हतं.

आईचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. विद्यापीठाचा प्रमुख वर्षाच्या शेवटी आपल्या माणसांना पत्र लिहितो, ते कशासाठी? त्यात काय असावं, काय नसावं? गेल्या काही वर्षांत या प्रश्नावरून अमेरिकेत अध्यक्षांच्या खुर्च्या गेल्या आहेत. २०२४-२५ या वर्षात त्या देशात ३ लाख ६३ हजार भारतीय विद्यार्थी शिकत होते, इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. त्यांच्यात आपली मुलं पुष्कळ आहेत आणि ही पत्रं कोथरूड, डोंबिवली, सांगलीतल्या घरांत व्हॉट्सॲपवर वाचली जातात. तेव्हा हा विषय आपला नाही असं म्हणता येत नाही.

पूर्वी हे पत्र विद्यार्थ्यांसाठी नसेच. चार्ल्स एलियट १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षं हार्वर्डचे अध्यक्ष होते. त्यांचे वार्षिक अहवाल विद्यापीठाच्या नियामक मंडळासाठी असत, पण शिक्षणाचं काम करणारे लोक ते देशभर वाचत. किती विद्यार्थी आले, पैसा कुठून आला, कुठे गेला, विद्यार्थ्याला आपले विषय आपण निवडू द्यावेत की नाही, या सगळ्याची तपशीलवार चर्चा त्यांत असे. तो हिशेब होता आणि हिशेब देणाऱ्याचं स्वतःचं मतही त्यात होतं.

पुढे १९७९मध्ये हार्वर्डचेच अध्यक्ष डेरेक बॉक यांनी विद्यापीठातल्या सर्वांना उद्देशून खुली पत्रं लिहिली. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट होती आणि तिथे धंदा करणाऱ्या कंपन्यांतली गुंतवणूक हार्वर्डने काढून घ्यावी म्हणून विद्यार्थी आंदोलन करत होते. बॉक यांचं मत याच्या विरुद्ध होतं. विद्यापीठाने आपला पैसा राजकीय शस्त्र म्हणून वापरू नये, असं ते सांगत होते. मला त्यांचं मत पटत नाही. पण मतभेद होईल हे माहीत असताना त्यांनी आपली कारणं क्रमाने मांडली, विद्यार्थ्यांचे युक्तिवाद आधी नीट सांगितले आणि मग उत्तर दिलं. ज्यांना ते चूक वाटत होतं त्यांना त्या पत्रातला एकेक मुद्दा धरून वाद घालता येत होता. ज्याच्याशी वाद घालता येतो असं पत्र लिहिणं हा वाचणाऱ्याचा मान ठेवणंच आहे.

याच्या बारा वर्षं आधी, १९६७मध्ये, व्हिएतनाम युद्ध ऐन भरात असताना शिकागो विद्यापीठाने हॅरी कॅलवन या कायद्याच्या प्राध्यापकांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. मत व्यक्त करायचं ते प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी. विद्यापीठाने संस्था म्हणून राजकीय प्रश्नांवर बाजू घेऊ नये, असा तिचा निष्कर्ष. त्याला एक अपवाद समितीने ठेवला होता: विद्यापीठाच्या मूळ कामावरच घाला येत असेल तर बोललं पाहिजे. हा अपवाद लक्षात ठेवायला हवा, कारण त्याच्या आधाराने पुढे बरंच काही झालं.

ईमेल आला आणि पत्राचा खर्च शून्यावर आला. खर्च गेला तसं कारण असण्याचं बंधनही सैल झालं. पत्र छापायचं, पाकिटात घालायचं, तिकीट लावायचं असतं तेव्हा माणूस विचारतो, हे लिहायची गरज आहे का? एका कळीवर पन्नास हजार लोकांना जाणारं पत्र लिहिताना हा विचार मागे पडतो. मे २०२०मध्ये पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा खून झाल्यावर अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक विद्यापीठाने निवेदन काढलं. त्यातली अनेक मनापासून होती. पण त्यानंतर प्रत्येक घटनेवर निवेदन यावं अशी अपेक्षा तयार झाली आणि एखाद्या घटनेवर ते आलं नाही तर तेही बोलणंच मानलं जाऊ लागलं.

याचा शेवट कुठे होतो ते फेब्रुवारी २०२३मध्ये दिसलं. मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबारात तीन विद्यार्थी मारले गेले. व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयातल्या एका कार्यालयाने विद्यार्थ्यांना सांत्वनाचं पत्र पाठवलं. एकमेकांची काळजी घ्या, आपण एक समाज आहोत, अशी वाक्यं होती. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत हा मजकूर चॅटजीपीटीच्या आधारे तयार केल्याची नोंद राहून गेली होती. विद्यार्थी संतापले, कार्यालयाला माफी मागावी लागली. मला त्या प्रसंगात यंत्रापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त बोचते. ती नोंद तळाशी राहिली नसती तर कुणाला फरक कळला असता का? सांत्वनाची भाषा इतकी झिजली होती की माणसाने लिहिलेलं पत्रही असंच वाचलं गेलं असतं. मृताच्या घरी गेलेला माणूस गप्प बसला तरी चालतं. पाठ केलेलं बोलला की घरच्यांना लगेच कळतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात हमासचा इस्राएलवरचा हल्ला झाला आणि गाझातलं युद्ध सुरू झालं. हार्वर्डच्या अध्यक्ष क्लॉडीन गे यांना पद स्वीकारून जेमतेम तीन महिने झाले होते. पहिलं निवेदन उशिरा आणि पुळचट आलं अशी टीका झाली, दुसऱ्या दिवशी दुसरं आलं, मग चित्रफीत आली. प्रत्येक खुलाशाने आधीच्या पत्राचं वजन कमी केलं. ५ डिसेंबरला अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे गे, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लिझ मॅगिल आणि एमआयटीच्या सॅली कॉर्नब्लथ यांची सुनावणी झाली. ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणं तुमच्या नियमांविरुद्ध आहे का, या सरळ प्रश्नाला तिघींनी ते संदर्भावर अवलंबून आहे अशा धर्तीची, वकिलांनी तयार करून दिल्यासारखी उत्तरं दिली. ९ डिसेंबरला मॅगिल यांनी राजीनामा दिला. गे यांच्या लेखनात वाङ्मयचौर्य असल्याचे आरोपही पुढे आले आणि २ जानेवारी २०२४ला त्यांनी पद सोडलं. नव्या वर्षात हार्वर्डच्या लोकांना अध्यक्षांकडून आलं ते राजीनाम्याचं पत्र.

या गदारोळात ६ डिसेंबर हा दिवस झाकला गेला. सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी लास व्हेगासमधल्या नेवाडा विद्यापीठात, बीम हॉल या इमारतीत गोळीबार होऊन तीन प्राध्यापक मारले गेले. सत्राच्या परीक्षा तोंडावर होत्या, डिसेंबरातला पदवीदान समारंभ दोन आठवड्यांवर होता. अशा वेळी अध्यक्षांच्या पत्राला कारण शोधावं लागत नाही. परीक्षा होणार का, झाल्या नाहीत तर गुण कसे धरणार, इमारत कधी उघडणार, आत राहिलेल्या पिशव्या आणि लॅपटॉप कुठे मिळणार, ज्याला झोप येत नाही त्याने कुणाला फोन करायचा, समारंभ होणार की नाही. विद्यार्थ्याला हवी असतात ती या प्रश्नांची उत्तरं, तीही आज. आमची अंतःकरणं जड झाली आहेत हे वाक्य त्यानंतर आलं तर चालतं.

सुनावणीच्या धड्यातून हार्वर्डने एक गट नेमला. २८ मे २०२४ला त्याचा अहवाल आला: विद्यापीठाच्या मूळ कामाशी थेट संबंध नसलेल्या सार्वजनिक विषयांवर विद्यापीठाने आणि त्याच्या प्रमुखांनी अधिकृत निवेदनं काढू नयेत. इतर अनेक विद्यापीठांनी हीच वाट धरली. अर्धी गोष्ट यात बरोबर आहे. जगातल्या प्रत्येक दुःखावर कुलगुरूंनी लिहावं अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे, आणि त्यातून ज्याच्या दुःखावर लिहिलं गेलं नाही तो दुखावतो. पण उरलेल्या अर्ध्यात धोका आहे. तटस्थतेच्या नावाखाली आपल्याच विद्यार्थ्यांच्या प्रश्नावर गप्प बसण्याची सोय होते. माझ्या भाचीला अध्यक्षांकडून बर्फाचा फोटो आला आणि व्हिसाबद्दलची महत्त्वाची सूचना बिननावाच्या कार्यालयाकडून आली, ती या सोयीतूनच, असं मला वाटतं. सगळ्यांनी तसं केलं नाही हेही सांगायला हवं. कॉर्नेल विद्यापीठाच्या सूचनेत तर येऊ घातलेल्या प्रवेशबंदीच्या यादीत चीन आणि भारतासारख्या देशांची भर पडू शकते, असं देशांची नावं घेऊन म्हटलं होतं. ती भीती त्या रूपात खरी ठरली नाही. तरीही सूचना देणाऱ्यांनी योग्य केलं. २०१७च्या जानेवारीत सात देशांच्या नागरिकांवर एका रात्रीत प्रवेशबंदी आली तेव्हा विमानतळांवर अडकलेली मुलं त्यांनी पाहिली होती.

२०२५मध्ये तटस्थतेची खरी परीक्षा झाली. सरकारने हार्वर्डपुढे मागण्यांची यादी ठेवली, तिच्यात प्रवेश, नेमणुका आणि विभागांच्या कारभारावर देखरेख अशा गोष्टी होत्या. १४ एप्रिलला अध्यक्ष ॲलन गार्बर यांनी विद्यापीठातल्या सर्वांना पत्र लिहून त्या नाकारल्या. त्याच दिवशी सरकारने २.२ अब्ज डॉलरचं अनुदान गोठवलं. सरकारने काय मागितलं, आम्ही काय आधीच करत आहोत, काय करणार नाही आणि का, हे त्या पत्रातून कुठल्याही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळलं असतं. कॅलवन समितीने ठेवलेला अपवाद तो हाच. ऑक्टोबरात एमआयटीच्या कॉर्नब्लथ यांनीही अनुदानाच्या बदल्यात घातलेल्या अटी नाकारणारं पत्र शिक्षणमंत्र्यांना पाठवलं आणि ते सर्वांसाठी खुलं केलं. सुनावणीत ज्यांचे शब्द अडखळले होते, त्यांनीच दोन वर्षांनी असं पत्र लिहिलं. त्या वर्षी अमेरिकेत नव्याने दाखल होणारे परदेशी विद्यार्थी १७ टक्क्यांनी घटले. ज्यांच्या घरी हा आकडा खरा झाला, त्यांना वर्षअखेरच्या पत्रात त्याचा उल्लेख हवा होता, आणि त्यांची ती अपेक्षा रास्त होती.

ब्रिटनमधली पत्रं वेगळ्या कारणाने जड झाली आहेत. इंग्लंडमध्ये देशी विद्यार्थ्यांची फी २०१७पासून ९,२५० पौंडांवर अडकली होती, ती २०२५मध्ये ९,५३५ झाली. मधल्या महागाईची भरपाई परदेशी विद्यार्थ्यांच्या फीमधून होत होती. २०२४च्या जानेवारीपासून बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जोडीदार आणि मुलं सोबत नेणं बंद झालं आणि ओघ कमी झाला. २०२५च्या जानेवारीत कार्डिफ विद्यापीठाने ४०० पदं कमी करण्याचा प्रस्ताव मांडला. नाताळच्या शुभेच्छा आणि नोकरकपातीची बातमी यांच्यात महिन्याचं अंतर असेल, तर शुभेच्छांचं ते पत्र कर्मचारी पुन्हा उघडून वाचतात आणि आपल्याला तेव्हाच का सांगितलं नाही असं विचारतात.

आता आपल्याकडे. आधी शब्द. हिंदी पट्ट्यात ज्याला कुलपती म्हणत आले, त्याला आपण कुलगुरू म्हणतो. आपले कुलपती म्हणजे राज्यपाल. मध्य प्रदेशाने २०२४मध्ये आपला शब्द बदलून कुलगुरूच केला. या शब्दात गुरू आहे, आणि गुरूने शिष्याशी बोलावं ही अपेक्षा त्या शब्दातच आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ची. रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक हे पहिले चार पदवीधर १८६२चे. त्या काळात वर्षाचा हिशेब पदवीदान समारंभातल्या भाषणात दिला जाई आणि ती भाषणं पुस्तकरूपाने छापली जात. काशिनाथ त्रिंबक तेलंग, मग खुद्द भांडारकर अशी माणसं कुलगुरुपदावर आली. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार. या माणसांना सांगण्यासारखं पुष्कळ होतं आणि ते सांगत.

आज महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला वर्षअखेरचं काय मिळतं? महाविद्यालयाचं नियतकालिक असेल तर त्यात प्राचार्यांचं मनोगत असतं. विद्यापीठाच्या दैनंदिनीत पहिल्या पानावर कुलगुरूंचा संदेश असतो, पण ती दैनंदिनी पोचते अधिकाऱ्यांपर्यंत आणि प्राध्यापकांपर्यंत. अशी मनोगतं मी बरीच वाचली आहेत. नॅकचा दर्जा, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, आविष्कार संशोधन स्पर्धेतली बक्षिसं, इंद्रधनुष्य महोत्सवातला संघ. हे सगळं खरं असतं आणि मुलांनी त्यासाठी घाम गाळलेला असतो. पण तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सरांचं मानधन किती महिने आलं नाही, एखाद्या विषयाला वर्षभर शिक्षकच का नव्हता, शिष्यवृत्ती अडकली म्हणून मुलांची गुणपत्रिका अडवली गेली का, हे तिथे येत नाही.

खरा हिशेब आपल्याकडे होतो तो विद्यापीठाच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये. मार्चच्या अर्थसंकल्पी बैठकीत सदस्य प्रश्न विचारतात: पुनर्मूल्यांकनाचे निकाल किती दिवसांनी लागले, वसतिगृहात किती खोल्या बंद आहेत, कोणत्या निधीतला पैसा पडून राहिला. वार्षिक अहवाल अधिसभेपुढे येतो, शासनाकडे जातो, विधिमंडळात ठेवला जातो. या कागदांत महाराष्ट्रातल्या उच्च शिक्षणाची बरीचशी खरी अवस्था आहे. ज्याच्याबद्दल ते लिहिलेत, तो विद्यार्थी मात्र ते कधी पाहत नाही.

आणि विद्यापीठ विद्यार्थ्याशी बोलतं तेव्हा परिपत्रकातून बोलतं. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’. कळवतं कोण? त्या वाक्यात कर्ताच नाही. परीक्षा पुढे ढकलण्यात येते, निकाल राखून ठेवण्यात येतो, गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येते. २०१७मध्ये मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्महिने रखडले. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही उलटली. परदेशात प्रवेश मिळालेली मुलं गुणपत्रिकेशिवाय अडकली. आपला निकाल कधी, याचं उत्तर मुलं रोज सकाळी वर्तमानपत्रात शोधत होती. ऑक्टोबरात कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. तंत्र फसू शकतं, अंदाज चुकू शकतो. पण कुठे अडलंय, किती उत्तरपत्रिका उरल्यात, प्रवेश अडकलेल्यांसाठी आज काय करता येईल, हे दर आठवड्याला स्वतःच्या सहीने विद्यार्थ्यांना लिहिलं गेलं असतं, तर त्या मुलांचं ते वर्ष थोडं तरी कमी जीवघेणं झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

पत्र पाठवणं अवघड नाही. प्रत्येक मुलाने परीक्षेचा अर्ज भरताना मोबाइल क्रमांक आणि ईमेल दिलेला असतो, त्याचा कायम नोंदणी क्रमांक (पीआरएन) विद्यापीठाकडे असतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे येतात. सुरगाणा किंवा अकोले तालुक्यातल्या आदिवासी पाड्यातून येऊन बीए करणाऱ्या मुलीच्या मोबाइलवर विद्यापीठाचा ओटीपी पोचतो, फी भरण्याची शेवटची तारीख पोचते. त्याच वाटेने कुलगुरूंचं पत्रही पोचू शकतं.

आपल्या जुन्या पत्रांत मायना, नमस्कार आणि क्षेमकुशल झालं की ‘पत्रास कारण की’ असं यायचं. तिथपर्यंत येऊन पुढे काही लिहायला नसेल तर माणूस पत्र टाकतच नसे.

म्हणून महाराष्ट्रातल्या सगळ्या कुलगुरूंना माझी विनंती आहे. यंदा वर्ष संपताना आपल्या विद्यार्थ्यांना मराठीत एक पानाचं पत्र लिहा. पुढच्या सत्राचे निकाल कोणत्या तारखेपर्यंत लावणार ते सांगा. शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत आणि त्यातल्या किती भरण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे ते सांगा. शिष्यवृत्ती कुठे अडली आहे आणि त्यासाठी कोणत्या खिडकीवर जायचं ते लिहा. या वर्षी आपले जे विद्यार्थी गेले, त्यांच्या घरच्यांची हरकत नसेल तर त्यांची नावं घ्या. काही चुकलं असेल तर ‘माझं चुकलं’ असं कर्ता घालून लिहा, आणि खाली तुमची सही आणि उत्तर पाठवण्यासाठी पत्ता द्या.